नळीच्या जोडातली कडी

बाबा,

तुम्हाला गाढ झोप लागली आहे, म्हणून उठवत नाही. शाळेची बस परत द्यायला मी निघाले आहे. मुलं साडेसातला थांब्यावर येतात.

काल बसच्या गिअरबॉक्समध्ये दाबाने तेल भरताना पंपाची नळी जोडातून निसटली आणि तुम्ही तेलाने न्हाऊन निघालात. तेव्हा म्हणालात, "लोरेन, माझ्या हातात आता पकड राहिली नाही. गॅरेज हार्लनला विकून टाकतो."

आज पहाटे मी तो जोड खोलला. नळी धरून ठेवणारी आतली कडी भलत्याच मापाची आहे. जोडताना ती खट्ट वाजते, पण दाब चढला की सोडते. गेल्या सोमवारी ती मीच बदलली होती.

खरं सांगू? क्षणभर वाटलं, गप्पच राहावं. तुम्ही आता आराम करावा म्हणून दोन वर्षं मीच मागे लागले आहे, आणि हे आयतंच जुळून आलं होतं. पण तुमच्या हातांवर खोटा आळ घेऊन नको.

बरोबर मापाची कडी घालून मी दुप्पट दाब अर्धा तास ठेवला. एक थेंब गळला नाही. बसचं तेल भरून झालं. ब्रिजिटकाकूंची पिकअप लिफ्टवर चढवली आहे, तिचं तुम्ही भरा.

पॅनकेक ओव्हनमध्ये झाकून ठेवलेत.

दहाला हार्लन विक्रीचे कागद घेऊन येईल. त्याला कॉफी द्या, सही देऊ नका.

लोरेन