टॉवेलाखालचा चेहरा

प्रिय बडबडे,

तू पाठवलेल्या तिकिटांवर काल तुझ्या आईला घेऊन तो सिनेमा पाहून आलो. थिएटर गार होतं, खुर्च्या मऊ होत्या. एवढी स्तुती करून मूळ विषयाकडे वळतो.

दोन टोळ्यांच्या वैरात सलूनमध्ये मारला गेलेला न्हावी, म्हणजे आमचा दादा, म्हणजे तुझे बाबा, मध्यंतरानंतर येतात आणि लगेच जातात. सामानाच्या बाबतीत त्या मंडळींनी कमाल केली आहे. दिग्दर्शक माझ्यासमोर बसून सगळं विचारून गेला होता. खुर्चीच्या हातावरचं फाटकं रेक्झिन, कोपऱ्यात तडकलेला आरसा, निळ्या काठाचे टॉवेल, सगळं यथातथ्य. फक्त माणूस तेवढा चुकला. पडद्यावरचा दादा वस्तरा उगारून उभा राहतो आणि मारेकऱ्यांना लांबलचक भाषण ऐकवतो. अगं, गिऱ्हाइकाला 'मान खाली' याच्यापलीकडे काही न बोलणारा माणूस तो. घरातलं सगळं बोलणं तुझ्या वाट्याला आलं, ते काय उगाच? जुन्या संस्कृत नाटकांत रंगमंचावर मरण दाखवत नसत. वर्गात त्याचं कारण सांगताना मी दरवर्षी अडखळायचो. काल कळलं.

तू लहान होतीस, तुला सगळं तुकड्यातुकड्यांनी कळलं. एका टोळीचा म्होरक्या रोज दुपारी दादाकडे दाढी करून, तोंडावर गरम टॉवेल घेऊन पडून राहायचा. त्या दिवशी तो आलाच नाही. त्याच्यासाठी तापवलेला टॉवेल फुकट जाऊ नये म्हणून दादा स्वतःच खुर्चीत आडवा झाला. दुसऱ्या टोळीच्या पोरांनी खुर्ची पाहिली, टॉवेल पाहिला. चेहरा पाहायची तसदी घेतली नाही. मी शाळेतून धावत पोचलो. टॉवेल मीच काढला. एका कडेला तो अजून कोमट होता. खाली झोपलेल्या माणसाचा चेहरा होता, तोंड जरासं उघडं.

टीव्हीवरच्या मुलाखतीत तू म्हणालीस, सिनेमातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. शूर बाप कुणाला नको असतो? तुला बोल लावत नाही. मास्तरकीच्या सवयीनं हात लाल शाईकडे जातो, इतकंच.

पण घरी आल्यावर तुझ्या आईनं चपलाही न काढता मला विचारलं, "भावजी, म्हणजे ते जागे होते? त्यांना सगळं दिसत होतं?" इतकी वर्षं ती एकाच गोष्टीवर तगून होती, की त्यांना काही कळलं नाही. मी परत परत सांगतोय, झोपेत गेला तो. ती म्हणते, मग पोरगी टीव्हीवर खोटं कशाला बोलेल? कालपासून ती जेवलेली नाही. डोळे मिटले की ते उभे दिसतात म्हणते, म्हणून डोळेही मिटत नाही.

रविवारी सिनेमावाल्यांच्या समारंभात स्टेजवर काय बोलायचं ते तुझं तू ठरव. त्याआधी घरी ये. तिच्याजवळ बस आणि एवढंच सांग, आई, बाबा झोपले होते. माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल. आणि बोलायला तू कधी कमी पडलेली नाहीस.

एरवी तुला गप्प बस म्हणणारा,
तुझाच काका