अळणी वाटी

आत्याबाई, त्या सकाळी तुम्ही सडा टाकून आत आलात, नळाचं पाणी भरलं, तांदळाचं सूप पुढ्यात ओढलं आणि मी वरणात मीठ घालणार तोच म्हणालात, "थांब वं, माही वाटी आधी काढ." तुमच्या मुलाचं, म्हणजे यांचं, वरण अळणीच असायचं. नागपूरला त्यांना तुमची किडनी बसवली, तेव्हापासून डॉक्टरांनी त्यांचं मीठ तोडलं होतं. तुमचं कोणी तोडलं नव्हतं. मी विचारलं, "तुम्हाले काहून?" तर म्हणालात, "एक त्याच्यात, एक माह्यात. दोघी बहिणी हाय त्या. मी इकडं चवीनं खाल्लं तर तिकडची रुसन नाही का?" हे आतून ओरडले, "आई, तुही किडनी आल्यापासून मलेबी कोंबड्याच्या आधी जाग येते. तिले सांग, जरा झोपू दे!" तुम्ही पदर तोंडाला लावून हसलात, आणि अळणी वरणभात कालवायला घेतलात.

काही वर्षं बरी गेली. मग बाजारातून येताना तुमच्या पोटऱ्या धरू लागल्या. डॉक्टरांनी रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी दिली. ती फळीवर यांच्या औषधांशेजारीच असायची. त्याच हिवाळ्यात यांची किडनी बंद पडली. दवाखान्याच्या पायरीवर तुमच्या धाकट्या मुलानं डॉक्टरांचं हिंदी बोलणं जसंच्या तसं आपल्याला सांगितलं, "शरीर ने माँ की किडनी ठुकरा दी." हे गेले, आणि ते वाक्य तुमच्यापाशी राहिलं. "माह्या पोराच्या अंगानं मले काहून ठुकरावलं वं?" तुम्ही विचारायच्या, आणि उत्तरही तुम्हीच द्यायच्या, "वारासिवनीच्या लग्नात मी पापड खाल्लता. त्याचंच झालं." मी नाही म्हणायची, पण का नाही ते मला सांगता येत नव्हतं. तुम्ही शेवटपर्यंत अळणी जेवलात. पुढं पितृपक्षात तुमचं पानही मी अळणीच वाढत आले.

परवा वाचनालयात एका हिंदी विज्ञान मासिकात तुमच्या पायाच्या गोळीचं नाव दिसलं. शब्दकोश घेऊन बसले. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेरच्या गोष्टीशी लढतात. दोन माणसांच्या पेशी काचेच्या बशीत एकत्र ठेवल्या तर त्या एकमेकींवर उठतात, आणि बाकीच्यांना चेतवणारा रस सोडतात. तुमच्या गोळीतलं औषध त्यात घातलं की तो रस कमी होतो, पेशी थोड्या निवतात. म्हणून दुसऱ्याचा अवयव बसवलेल्यांना ते उपयोगी पडेल का, हे शास्त्रज्ञ तपासत होते. माझ्या डोळ्यांपुढं आपली फळी आली, यांच्या औषधांशेजारी ठेवलेली तुमची गोळी आली. पुढचं बराच वेळ वाचवेना. मग वाचलं. बशीत जे झालं ते माणसात होईलच असं नाही, डॉक्टरांचं अजून नक्की नाही, असं शेवटी लिहिलं होतं.

मला त्यातलं अर्धंच कळलं असेल. पण एवढं कळलं की त्या पेशींना आई कळत नाही. जे आपलं नाही त्यावर त्या उठतात. त्यात तुमच्या मुलाचं मन नव्हतं, तुमच्या किडनीत खोट नव्हती, आणि पापडाचा तर काहीच संबंध नव्हता. हे तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं, पण तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं. आता हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकू? फळीवरची ती गोळी यांना दिली असती तर, हा विचार मात्र, सगळं वाचूनही, माझ्या मनातून पुरता गेलेला नाही.

काल तुमची तिथी होती. मी वरणात मीठ घातलं, आणि त्याच वरणातून तुमचं पान वाढलं.