माह्या मापाचा पलंग

मंगळवार, संध्याकाळ. पवनार.

दिनेशनं असं काऊन केलं? लहानपणचा दोस्त! माल वाहाच्या जुन्या ट्रेलरात आम्ही दोघं राहणार होतो, गावोगावच्या बाजारात भजे विकत. दिवसा भिंतीले उभा करायचा पलंग मीच बनवून राह्यलो. मापासाठी दोघं ट्रेलरातच खाली झोपलो होतो, एकमेकाभोवती खडूची रेघ मारली होती. आज पलंग भिंतीले जोडाचे कब्जे, म्हंजे बिजागऱ्या, लावाले गेलो, तं माह्या रेघेत त्याचा साळा झोपून होता.

"आता हाच येते माह्यासंग," दिनेश म्हणे. "पाह्य, बरोबर बसते न?"

बसत होता. माह्याच रेघेत. तोंडावर शिवी आलती माह्या. अन् मी म्हटलं काय? "पाय सरळ कर भाऊ, माप घेऊ दे."