तक्रारी थांबल्या तेव्हा

प्रिय बबडे,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू ‘आई, दूध उतू जातंय, मग करते’ म्हणतेस आणि खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं होतं. म्हणून कागद घेऊन बसले. तीन दिवसांत चार कागद फाडले. आज दुपारचं सगळं आवरून, दार लावून बसलेय. पुरं झाल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलंय.

आधी बातमी. आमच्या कंपनीचा तक्रार विभाग बंद झाला. गेल्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सहा टेबलं उचलून नेली, कपाटं रिकामी केली आणि भिंतीवरचा गाडीचा मोठा फोटो काढला, तर त्याच्या जागी रंगाचा उजळ चौकोन तेवढा राहिला. आमच्या धाकट्या गाडीचं, म्हणजे कंपनीच्या त्या सगळ्यात लहान मॉडेलचं, उत्पादन आता कायमचं थांबलंय. आपल्या घराजवळच्या शोरूममध्ये गाद्यांचं दुकान आलंय. परवा तिथून जाताना सवयीने काचेतून आत डोकावले, तर आतला माणूस मला गादी दाखवायला धावला!

तुझे बाबा गेले तेव्हा तू चौथीत होतीस. त्यानंतर दोन महिन्यांनी मला तिथे टपाल फोडायची नोकरी लागली. त्या दिवसांत आमच्या गाडीसाठी लोक आठ-आठ महिने थांबायचे, आणि गाडी घरी आली की तिचे फोटो आम्हाला पाठवायचे. तक्रारीसुद्धा घरच्या माणसाने हक्काने कराव्यात तशा असायच्या. एका बाईंनी लिहिलं होतं, तुमचा हॉर्न ऐकला की माझे कैलासवासी सासरे खाकरल्याचा भास होतो, तेवढा बदलून द्या. आमचे जुने साहेब ते पत्र घेऊन टेबलाटेबलावर हिंडले, पोट धरून हसले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मेकॅनिकला नवा हॉर्न देऊन त्या बाईंकडे पाठवलं. रोजची पत्रं ते स्वतः वाचायचे. वाईट पत्र आलं की जेवायचा डबा तसाच राहायचा. त्या माणसाच्या हाताखाली काम करताना मला वाटायचं, आपण गाड्या विकत नाही, लोकांना शब्द देतो. तुला मी रात्रंदिवस कंपनीची कौतुकं ऐकवायचे आणि तू डोळे फिरवायचीस, आठवतं?

साहेब निवृत्त झाले आणि नवे आले. हे हुशार, तरतरीत, वाईट मुळीच नव्हेत. फक्त त्यांना पत्रं वाचायला वेळ नव्हता. ते म्हणाले, बाई, तुमची भाषा चांगली आहे, तुम्ही ठरावीक उत्तरं लिहून ठेवा, म्हणजे प्रत्येकाला वेगळं लिहायला नको. मी लिहिली. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. आवाजाच्या तक्रारीला एक उत्तर, गंजाला एक, सुटे भाग मिळत नाहीत त्याला एक. त्याच सुमारास गाडीत एकेक गोष्ट हलकी होत चालली होती. दाराचा पत्रा, हँडल, बसायच्या सीटचा फोम. बाहेरून तीच गाडी, पण दार लावलं की पूर्वीचा भरीव आवाज यायचा नाही, डबा आपटल्यासारखा यायचा. लोकांना ते कळत होतं. सुरुवातीला त्यांनी पानं भरभरून लिहिलं, मग अर्धं पान, मग चार ओळी. पुढे पत्रं येईनाशी झाली. मीटिंगमध्ये आलेख दाखवला गेला की दोन वर्षांत तक्रारी निम्म्यावर आल्या. टाळ्या वाजल्या, आणि विभागातली जुनी म्हणून मला टेबलावरचं घड्याळ भेट मिळालं. आमच्या चार गाड्या घेतलेल्या एका गृहस्थांचं वर्षभर पत्र नव्हतं. त्यांना मी आपणहून लिहिलं, की सगळं ठीक ना? उत्तर आलं: ‘तुमच्याकडून छापील कागद येतो, त्यापेक्षा न लिहिलेलं बरं. मुलाने दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली. राग नाही.’ ते ‘राग नाही’ मला फार लागलं. साहेबांना दाखवलं, तर म्हणाले, बघा, राग नाही म्हणतायत.

लोक मला विचारतात, एवढी चांगली गाडी, तिचं असं कसं झालं? कुणी म्हणतं दुसऱ्या गाड्या स्वस्त आल्या, कुणी म्हणतं जाहिराती चुकल्या. असेल. मला मात्र वाटतं, ज्या दिवशी आम्ही लोकांना न वाचताच उत्तरं द्यायला लागलो, त्या दिवशीच ते मनातून उठून गेले. गाड्या बदलायला त्यांना नंतर चार-पाच वर्षं लागली एवढंच.

आणि त्या काळात तुम्ही दोघांनी धाकटी गाडी घेतलीत, केवळ माझ्या शब्दावर. जावईबापूंच्या मनात दुसरी होती, मला माहीत आहे. पण ते म्हणाले, आईंच्या कंपनीची घेऊ, आपल्याला घरचं माणूस आहे तिथे. पाच महिन्यांनी तुझा मला कचेरीत फोन आला, की ब्रेकचा पेडल कधीकधी खोल जातो, पुन्हा दाबला की नीट लागतो, हे जरा विचारून बघ ना. बबडे, अशी एकोणीस पत्रं तोवर माझ्या टेबलावरून गेली होती. वर्कशॉपच्या इंजिनिअरांकडे मी विचारणा पाठवली होती आणि त्याच दुपारी उत्तर आलं होतं, दोष नाही. इतक्या लवकर कसं तपासलं, असं मनात आलं होतं, पण मी ते मनातच ठेवलं. त्या एकोणीस जणांना जे उत्तर गेलं, ते माझ्याच हाताने लिहिलेलं होतं. आणि तेच मी तुलाही ऐकवलं, शब्द न शब्द: नव्या गाडीत पेडलचा असा अनुभव स्वाभाविक आहे, सरावाने ठीक होईल. तू हसून म्हणालीस, अगं, किती पुस्तकी बोलतेस!

त्यानंतर तीन आठवड्यांनी त्या उतारावर ते झालं. रस्ता ओलांडताना तुमच्या गाडीखाली आलेले ते वयस्क घड्याळजी चौथ्या दिवशी गेले. जावईबापू सगळ्यांना एकच सांगत होते, मी ब्रेक दाबला होता. पोलिसांनी गाडी तपासायला दिली ती आमच्याच वर्कशॉपमध्ये, आणि तिथे ब्रेक उत्तम लागला, दाखला मिळाला. निष्काळजीपणाचा ठपका त्यांच्यावर बसला. पुढे तेही ‘दाबला होता’वरून ‘दाबला असं मला वाटतं’वर आले, आणि मग त्यांनी बोलणंच सोडलं. स्टिअरिंगला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. महिन्यातून एकदा ते त्या घड्याळजींच्या बायकोकडे जाऊन बसतात, हे मला तूच सांगितलंस.

आता जे सात वर्षं सांगितलं नाही ते. त्या अपघातानंतर दोन महिन्यांनी माझ्या टेबलावर एक कागद आला. चुकून आला असावा. ब्रेकच्या सिलिंडरमधलं रबराचं वॉशर नव्या पुरवठादाराचं आहे, गाडी तापली की ते मऊ पडतं आणि पेडल मध्येच खाली बसतो, तपासताना काही सापडत नाही. सर्व्हिसिंगला येणाऱ्या गाड्यांत ते गुपचूप बदलावं, ग्राहकांना कळवू नये. खाली सही होती, ज्याने ‘दोष नाही’ म्हणून कळवलं होतं त्याचीच. मी तो कागद तीनदा वाचला. मग त्याची प्रत काढून पर्समध्ये ठेवली आणि मूळ कागद पुढे पाठवून दिला. घरी येऊन तुझा नंबर फिरवला आणि तू उचलायच्या आत ठेवून दिला. नोकरीची भीती होती, ती मी नाकारत नाही. पण त्याहून मोठी भीती ही होती, की तू विचारशील, आई, मी तुला फोन केला होता ना? मी स्वतःला समजावलं, आता जे झालं ते झालं, माणूस काही परत येत नाही, मुलं सावरतील. मग छोटी झाली, तू कामाला लागलीस, आणि मला वाटलं, सावरलीतही.

मागच्या महिन्यात तुमच्याकडे आले होते. तू कामावर गेली होतीस, छोटीला शाळेत सोडायला आम्ही दोघं निघालो. मोठ्या रस्त्याशी आलो तशी तिने सवयीने बापाचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ‘आई, तुम्ही धरा. रस्त्यावर माझा भरवसा नाही.’ सहज म्हणाले, छत्री धरा म्हणावं तसं. पोर दप्तराचा पट्टा सावरत चालायला लागली, म्हणजे हे तिला रोजचंच असणार. मी रस्ता ओलांडला, पण कसा ते मला आठवत नाही. परत आल्यावर आठवड्याने वकिलांकडे जाऊन सगळं लिहून दिलं, माझ्या सहीनिशी, माझं नाव न वगळता. ब्रेकच्या त्या कागदाची प्रत आणि एकोणीस पत्रांची यादी सोबत पाठवतेय. पुढे काय व्हायचं ते होईल. कदाचित वर्तमानपत्रात येईल, त्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं. घड्याळजींच्या घरीही मीच जाणार आहे, तेवढं माझ्यावर सोड. तू माझ्यावर चिडशील, बोलणं टाकशील, छोटीला माझ्याकडे पाठवणार नाहीस. मी एका शब्दाने तक्रार करणार नाही. पण हे पत्र वाचून झालं की आधी जावईबापूंकडे जा. ते कुठे असतील तिथे जा, उद्यावर टाकू नकोस. त्यांना सांग, आईंना सात वर्षं माहीत होतं. सांग, की तुम्ही ब्रेक दाबला होता, आणि वेळेवर दाबला होता.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
आई