ताठ मानेची फुलं

प्रिय मेरियल,

गेल्या शनिवारी सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकले, शेगडीतली राख काढली, तुझ्या बाबांचे बूट चढवले आणि रानात गेले. दर शनिवारी आम्ही गावातली पाच-सहा म्हातारी माणसं तिथली झुडपं छाटतो.

ज्या ओकच्या झाडाखाली बाबांची रक्षा पुरली, तिथे रानाची देखरेख करणारी मिस कॉली उकिडवी बसली होती.

"कुणा शहाण्यानं बागेतल्या ब्लूबेल, ही निळी घंटाफुलं, इथे आणून लावल्यात, बघा! वास नाही, मान ताठ. आपली रानातली फुलं कशी मान खाली घालून असतात."

"म्हणजे आमच्या सासूबाईच की," आमच्यातला डेरिक म्हणाला. सगळे हसले. मीही हसले.

"हसू नका. मधमाश्या यांचे पराग मिसळतील आणि आपली जुनी जात संपेल."

ते कंद बाबांनी आपल्या बागेत लावले होते. ते गेल्यावर मीच ते त्यांच्यापाशी नेऊन लावले. मिस कॉली चुकत असेल म्हणून घरी येऊन मी पुस्तकं चाळली. ती चुकत नव्हती.

ज्या रानासाठी ते तीस वर्षं राबले, त्याच्याच मुळावर मी उठले. "बाबा उमलले" म्हणून मी पाठवलेला या फुलांचा फोटो तू तिकडे वेलिंग्टनला स्वयंपाकघरात लावलायस. तो काढ, असं कुठल्या तोंडानं सांगू? त्यांच्या हातचं जिवंत असं दुसरं काही उरलं नव्हतं. म्हणून हे पत्र मी पाठवणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी फावडं घेऊन गेले, एकूण एक कंद मातीसकट खणून घरी आणला आणि परसात जाळला.

तुझी,
आई