मार्ला जॉय नावाच्या दोन बोटी

मी, ऑरिन मेरिट स्प्रेग, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा शेवंडे, म्हणजे लॉबस्टर, पकडणे, राहणार टॅलबट कोव्ह, मेन राज्य, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मला महिन्यांची नावे डिसेंबरपासून उलटी म्हणायला लावली, ती मी न अडखळता म्हटली. हे मुद्दाम नमूद करतो, कारण चौथे कलम वाचून माझा मुलगा डीन वकिलाकडे धावणार आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. राहते घर, त्यातल्या सामानासह, माझी मुलगी मार्ला जॉय स्प्रेग हिला द्यावे. नवऱ्याला सोडून ती परत आली तेव्हा गावाने पुष्कळ तोंडे वाजवली. मला मात्र बरे वाटले, कारण माझी बायको ॲग्नेस गेल्यापासून मी उभ्यानेच जेवत होतो. मार्लाने पहिल्या दिवशी दोन ताटे मांडली आणि मला बसवले. घर तिचे.

कलम २. घरामागची झाडीची जमीन, ट्रक आणि बँकेत जे काही असेल ते डीनला. त्याला हे घर विकून उन्हाळी पाहुण्यांच्या घशात घालायचे होते, तो नाही म्हणाला तरी मला ठाऊक आहे. पण मी हे रागाने लिहीत नाही. डीन समुद्राला भितो आणि गाद्यांच्या दुकानात सुखी आहे. भिण्यात लाज वाटण्यासारखे काही नसते.

कलम ३. शेजारच्या व्हर्नन डोरने नेलेली माझी लांब शिडी त्याच्याकडेच राहू द्यावी. ती परत आणली असती तर आम्हा दोघांना बोलायला विषय उरला नसता.

कलम ४. आता बोट. इथे मला सविस्तर लिहावे लागेल.

माझी पहिली बोट लाकडी होती, पेट्रोल इंजिनाची. मार्ला जन्मली त्या वर्षी ती पाण्यात उतरवली आणि आमच्याकडच्या रीतीने तिला पोरीचेच नाव दिले. ‘मार्ला जॉय’. बोट चांगली होती, पण म्हातारी झाली होती. उन्हाळ्यातल्या बोटींच्या शर्यतीत मी दरवर्षी मागून पहिला यायचो आणि धक्क्यावरची मंडळी मला जेवणाचा डबा बरोबर न्यायला सांगायची. शेवटी मी फायबरची, डिझेल इंजिनाची नवी बोट घ्यायचे ठरवले आणि जुनी हॉर्स आयलंडच्या लीमन टिबेट्सला विकली.

आमच्याकडे बोट विकली जाते, नाव विकले जात नाही. घरातल्या बाईमाणसाचे नाव असेल तर विकणारा ते स्वतःच्या हाताने बोटीच्या पाठीवरून खरवडतो आणि मगच दोर दुसऱ्याच्या हातात देतो. मी रंग खरवडायची पत्ती घेऊन आलोही होतो. लीमन म्हणाला, “राहू दे रे, ऑरिन. थंडीत बोट वर काढली की मी रंग देणारच आहे, तेव्हा खरवडतो. आत्ता शेवंडं लागतायत, माझा दिवस नको मोडूस.”

ॲग्नेस धक्क्यावर उभी होती. ती म्हणाली, “लीमन, दहा मिनिटांचं काम आहे. करू दे त्याला.”

“वहिनी, तुमच्या पोरीचं नाव मी खाणार नाहीये,” असे म्हणून त्याने दोर सोडलासुद्धा.

नव्या बोटीवर मी तेच नाव रंगवले, कारण माझ्या हिशेबी ते जुन्यावरून जाणारच होते. थंडी यायच्या आत, ऑक्टोबरातल्या धुक्यात, लीमन आणि ती बोट दोन्ही नाहीसे झाले. फळकुटसुद्धा मिळाले नाही. तो मेला म्हणून मी त्याला माफ केलेले नाही. रंग द्यायला आळशी आणि थापा मारायला पुढे, असाच होता तो.

पुढच्या वसंतात मी दाट धुक्यात पिंजरे उचलत होतो. वायरलेसवर आमच्यात हाक मारायची पद्धत अशी की ज्याला बोलवायचे त्या बोटीचे नाव दोनदा घ्यायचे, मग ‘इथून’ म्हणून आपल्या बोटीचे. त्या दुपारी हाक आली, “मार्ला जॉय, मार्ला जॉय, इथून मार्ला जॉय.”

आवाज लीमनचा होता. घाबरलेला नाही, बुडणाऱ्याचाही नाही. शेजारी वाटीभर साखर मागायला आलेल्या माणसासारखा साधा आवाज. मी माइकला हात लावला नाही. थोड्या वेळाने जुन्या इंजिनाचा आवाज जवळून गेला. तिसऱ्या सिलिंडरला ती अडखळायची, तशीच अडखळत होती. रडारवर काही नव्हते. पण तिच्या मागची लाट आली, माझी बोट हलली आणि कॉफी सांडली.

ही हाक फक्त धुक्यात येते. सगळ्या बंदराने ती ऐकली आहे आणि कोणी तिच्याविषयी बोलत नाही. मात्र तेव्हापासून वायरलेसवर कोणीही माझ्या बोटीचे नाव घेत नाही. सगळ्यांना बोटीच्या नावाने हाक मारतात, मला एकट्याला ‘ऑरिन’ म्हणतात. नव्या पोरांना ही गंमत वाटते. त्यांच्या बापांना विचारा.

आणखी एक. धुके निवळल्यावर माझे पिंजरे कधी कधी आधीच उचललेले असतात. दुसऱ्याचा पिंजरा उचलणे याहून मोठा गुन्हा आमच्याकडे नाही, त्यापायी बोटी जाळल्या गेल्या आहेत. पण इथे आतली शेवंडे जागच्या जागी असतात आणि आमिष ताजे भरलेले असते. खारवलेले हेरिंग मासे, आणि आमिषाच्या पिशवीला डावखुरी गाठ. लीमन डावखुरा होता. जिवंतपणी त्याने एवढे नेटके काम कधी केले नाही. पुष्कळ विचार केल्यावर मला उमगले की तो चोरी करत नाही. मार्ला जॉयचे पिंजरे मार्ला जॉय उचलते आहे, इतकेच.

एवढ्यावर मी निभावून नेले असते. माणूस कशालाही सरावतो. पण मार्ला माझ्याबरोबर बोटीवर येऊ लागली.

तिच्याइतके चांगले काम करणारे माणूस मला मिळाले नाही. बोट आपल्याला मिळावी एवढीच तिची इच्छा आहे, ती तिने कधी बोलून दाखवली नाही, पण इंजिन पुसताना तिचा चेहरा मी पाहिला आहे. फक्त लहानपणापासून तिची एक खोड आहे. कोणी हाक मारली की हातातले टाकून ती ओ देते. जुलैमध्ये धुक्यात हाक आली तेव्हा मी मागे होतो. वळून पाहतो तर माइक तिच्या हातात. मी तो हिसकावून घेतला.

“बाबा, कुणीतरी मला बोलावतंय.”

“तुला नाही. बोटीला बोलावतंय.”

“बोटीचं नाव माझंच आहे ना?”

त्याच संध्याकाळी मी नव्या बोटीच्या पाठीवरचे नाव खरवडून काढले. तिची पाठ आता कोरी आहे. वाटले, सुटलो.

पुढच्या धुक्यात आम्ही समुद्रावर गेलोच नाही. मार्ला भांडी घासत होती, मी पेपर वाचत होतो. फडताळावरच्या वायरलेसवर हाक आली. मार्ला हात पुसून, कोणी अंगणातून बोलावल्यासारखी, “आले” म्हणाली आणि दार उघडून गेली. मी पोचलो तेव्हा ती धक्क्यावर होडीचा दोर सोडत होती.

“कुठे निघालीस?”

“असं काय विचारता, बाबा? हाक मारली की जायला नको?” ती म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिले, मग हातातल्या दोराकडे, आणि मग ती रडू लागली. मी आयुष्यात कशाला इतका भ्यालो नाही.

म्हणून परवा, हाक आली तेव्हा मार्ला गावात गेली होती असे पाहून, इतक्या वर्षांनी मी माइक उचलून ओ दिली.

“कोण, ऑरिन?” लीमन म्हणाला. “बरं झालं बाबा. कधीपासून हाका मारतोय, कुणी उचलतच नाही.”

“कुठे आहेस तू?”

“इथेच, बंदराच्या तोंडाशी. आत येता येत नाही. तुझ्या पोरीचं नाव आहे हिच्यावर. ते असेतो ही माझी होत नाही आणि मला सोडतही नाही.”

“मग खरवड की. मोठा खरवडणार होतास.”

“पाहिलं करून. नाही जात माझ्या हातानं.” त्याच्या मागे ते इंजिन अडखळत होते. “नाव ठेवणाऱ्यानं यावं लागतं, ऑरिन. नाहीतर जिचं नाव आहे तिनं. कुणीही या, पण या आता. फार गारठा आहे इथे.”

मी येतो म्हणालो. शब्द दिला आहे आणि हवामानखात्याने उद्या धुके सांगितले आहे. मी होडीने जाईन. बोट नेणार नाही, ती मार्लाच्या पोटापाण्याची आहे.

कलम ५. तेव्हा फायबरची बोट, इंजिन, पिंजरे, दोर आणि धक्क्यावरची माझी जागा मार्लाला, पुढील अटीवर. माझ्यामागे जे पहिले धुके येईल त्या दिवशी तिने बोट नांगरावरच ठेवावी, वायरलेस लावावा आणि धुके उठेपर्यंत ऐकत बसावे. डीनने तिच्याशेजारी बसावे आणि माइक स्वतःच्या हातात ठेवावा. डीन, तू भितोस, म्हणूनच हे काम तुझे आहे. धाडशी माणूस उत्सुकतेपोटी बटण दाबतो.

हाक आली नाही, तर काम झाले असे समजावे. बोट तिची, आणि हवे ते नाव तिने द्यावे. स्वतःचे दिले तरी चालेल. ते तेव्हा पुन्हा तिचे एकटीचे असेल.

हाक आली, तर बोट डीनने विकावी, आणि मार्लाने त्याच्याकडे बँगोरला, जिथून पाणी दिसत नाही अशा घरात राहावे. डीनने कुरकुर करू नये.

कलम ६. माझी हत्यारे मार्लाला, एक पत्ती सोडून. ती मी बरोबर नेत आहे.

कलम ७. ॲग्नेसच्या शेजारची माझी जागा तशीच ठेवावी. मी मिळालो तर तिथे पुरावे. न मिळालो तर दगडावर नाव मात्र कोरू नये, मागे राहिलेले नाव काय करते ते मी पाहिले आहे. मला शोधायला बोटींनी फार दिवस घालवू नयेत, मोसम चालू आहे आणि सगळ्यांना घरे आहेत.

कलम ८. मार्ला, हे तुझ्यासाठी. तुला सांगितले असते तर तू मला जाऊ दिले नसतेस, किंवा तूच गेली असतीस. तुझे नाव मी ठेवले, तू पुरती तासाभराचीही नव्हतीस, आणि त्या नावाने तुला बोलावायचा हक्क मी समुद्राला दिलेला नाही. तू परत आल्यापासूनची ही वर्षे माझी सगळ्यात सुखाची गेली. हे तोंडावर सांगायला मला जमले नसते.

त्या पहिल्या धुक्यात कदाचित लीमनचा आवाज येणार नाही. माझा येईल. मी बरा आहे म्हणेन, आत येता येत नाही म्हणेन, गारठलोय म्हणेन. मी असेनही गारठलेला. तरी ओ देऊ नकोस, पोरी.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले. ते माझ्या मनाप्रमाणे आहे.

स्थळ: टॅलबट कोव्ह
दिनांक: १४ सप्टेंबर २०११

सही: ऑरिन मेरिट स्प्रेग

साक्षीदार (दोघांनाही यातले काहीच मिळणार नाही, म्हणून निवडले. कागद न वाचता, फक्त माझी सही पाहून त्यांनी आपली केली आहे.)

१. कार्लटन व्हिटन, दुकानदार
२. बर्था मे हॉवर्ड, टपालकचेरी