फूल सरळ आलं पाहिजे

बुधवार, ३ ऑक्टोबर
रविवारी चौदा तारखेला सासरे जेवायला येणार. म्हणजे अकरा दिवस. भरपूर.

सासऱ्यांनी जन्मभर लोहारकाम केलं. लग्नात मुलीला स्वतः ठोकलेली सुरी दिली. पातं अप्रतिम, मूठ भिकार. दोन लाकडी फळ्या, आरपार एक जाडजूड लोखंडी खिळा. सौंदर्यदृष्टी शून्य. एकोणीस वर्षांत माझ्या एकाही कामाला ते 'बरं' म्हणालेले नाहीत. मी केलेलं टेबल पाहिलं आणि एका पायाखाली पुठ्ठा सरकवला. आता त्यांच्याच सुरीला नवी मूठ आणि तिच्यात खिळ्याच्या जागी नक्षीची पितळी पिन. 'बरं' म्हणायला लावलं नाही तर नाव बदलीन.

बायको बाहेर गेल्यावर खिळा उपटून जुन्या फळ्यांसकट कचऱ्यात टाकला. संध्याकाळी ती सुरी शोधायला लागली. दोन दिवसांत देतो म्हणालो.

गुरुवार, ४. सकाळी ७
पिनेचं डिझाइन तयार. मोठी नळी, आत मधोमध एक बारीक नळी, भोवती तशाच सहा. फटींत काळा डिंक. वाळल्यावर आडवी कापली की टोकाला फूल. बाजारात रेडीमेड मिळते, पण रेडीमेड पिन लावणारा माणूस रेडीमेडच राहतो. (वाक्य छान. कुठेतरी वापरावं.)

सायं. ६
दोन बोटं एकमेकांना चिकटली. विश्रांती.

शनिवार, ६
फळ्यांना भोक पाडलं. ड्रिल तिरकं गेलं. ड्रिलचा दोष. मधोमध शिरलं आणि पलीकडे काठातून बाहेर आलं. नव्या फळ्या आणल्या. संकल्प: रोज एकच तास, शांत चित्ताने.

बायको शेजारणीची सुरी मागून आणते. शेजारीण तिला म्हणाली म्हणे, आता गॅसही घेऊन जा. लोकांना दुसऱ्याची साधना बघवत नाही.

सोमवार, ८
पिन मशीनवर घासली. तापली, डिंक वितळला, तीन पाकळ्या गळाल्या. फूल म्हटलं की पाकळ्या गळायच्याच. दुसरी पिन करायला घेतली.

बायकोने आज कोबी कात्रीने कापला. मी म्हणालो, असाही छान लागतो. तिने कोबी खाली ठेवला. कात्री मात्र हातातच होती.

गुरुवार, ११
दुसरी पिन पहिलीपेक्षा देखणी. फळ्यांना आकार दिला, खालच्या अंगाला बोटांसाठी चार खाचा. हे सोपं. खरी गोम वेगळी: सुरी हातात धरली की फूल सरळ दिसलं पाहिजे. वाकडं फूल म्हणजे नवशिका. सासऱ्यांची नजर पहिली तिथेच जाणार.

बायकोने विचारलं, फूल वाकडं म्हणजे नक्की कसं? अशांना समजावण्यात अर्थ नाही. त्याला नजर असावी लागते.

शनिवार, १३. दुपारी ४
डिंक पाच मिनिटांत घट्ट होणारा. चार मिनिटं फूल सरळ करण्यात. जरा डावीकडे, जरा उजवीकडे, परत डावीकडे. शेवटच्या मिनिटात फळ्या फटाफट. भोक एकच, तेही मधोमध, म्हणून न बघताही चपखल बसल्या. क्लॅम्प लावला.

सायं. ७
पाणी लावत लावत पिन घासली. फूल सरळ! डोळ्यांत पाणी आलं, खरंच. मूठ धरताना थोडं वेगळं वाटतं. नवी आहे, सवय होईल. फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. उद्या सगळ्यांसमोर काढणार. आरशापुढे सराव केला: 'छे, छे, तुमच्यापुढे आम्ही काय!'

रविवार, १४
सासऱ्यांनी फडकं सोडलं. चारही बोटं खाचांत बरोबर बसली. धार छताकडे.

त्यांनी सुरीकडे पाहिलं, मग छताकडे. बायको म्हणाली, जळमटं काढायला बरी आहे. डावी फळी उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसली होती, त्यामुळे खाचा धारेकडे न येता पाठीकडे आल्या होत्या.

सासऱ्यांनी ओट्यावरचा बत्ता उचलला. मूठ ओट्याच्या कडेला टेकवली आणि दोन ठोके, फळ्या निखळल्या. अकरा दिवस संपले. मग त्यांनी जुना खिळा मागितला. बायकोने मांडणीवरचा डबा काढला. त्यात खिळा आणि जुन्या दोन्ही फळ्या. तीन तारखेलाच तिने कचऱ्यातून उचलून, पुसून ठेवल्या होत्या. हे फार लागलं.

दहा मिनिटांत सुरी पूर्वीसारखी. तिने कांदा चिरला, घरात कितीतरी दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

सासऱ्यांनी भुग्यातून माझी पिन उचलली, तळहातावर फिरवली आणि म्हणाले, हे बरं झालंय. एकोणीस वर्षांनी! मी ठरल्याप्रमाणे छे, छे म्हणालो. मग त्यांनी अगदी मनापासून विचारलं, जावईबापू, ह्याची वरची बाजू कुठली हो?

पिन घेऊन खिडकीपाशी गेलो. फिरवली. परत फिरवली. सहाही पाकळ्या सारख्या. कशीही धरली तरी सरळच.